अकराव्या मिनिटाला

२ मार्च, सोमवार

ही वही घेऊन दोन महिने झाले, कोरीच पडून होती. आज लिहिते, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात मावणार नाही आणि घरात सांगायची सोय नाही.

नव्या दिग्दर्शकांच्या कार्यशाळेचं पत्र आलं. दोनशेदहा अर्जांतून वीस उरले, त्यात मी! वीस मिनिटांचा रफ कट, म्हणजे कच्चा जोडलेला चित्रपट, २८ तारखेला संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. त्यातून आठ जण घेणार. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन दोन उड्या मारल्या आणि काही झालं नाही असं तोंड करून परत खुर्चीवर बसले.

माझा विषय म्हणजे आत्याचा फोटो स्टुडिओ. बत्तीस वर्षं तिने तो एकटीने चालवला. आता इमारत पाडणार आहेत. २८ लाच ती किल्ली देऊन दूर मैत्रिणीच्या गावी जाणार आहे, कायमची. मला जे काही बघता येतं ते मी तिथे शिकले. सहा वर्षांची असल्यापासून दिव्याची पांढरी छत्री धरून उभी राहायचे. हलायचे नाही म्हणून तिने माझं नाव 'स्टँड' ठेवलं. दहाव्या वर्षी एका लग्नात तिने व्हिडिओ कॅमेरा माझ्या हातात दिला, तर मी खुर्चीत झोपलेल्या एका आजोबांना चाळीस मिनिटं टिपून आणलं. नवरदेवाच्या वडिलांनी आरडाओरडा केला. आत्या मात्र पोट धरून हसली, आणि ती कॅसेट तिने माझ्यासाठी वेगळी काढून ठेवली.

अडचण अशी की आमच्या घरात आत्याचं नाव नऊ वर्षं घेतलं जात नाही. आजी गेली तेव्हा आत्या दवाखान्यात तिच्या उशाशी होती. आजीची तब्येत सकाळी आठलाच बिघडली होती. बाबांना फोन आला दुपारी सव्वाला, आजी जाऊन पाऊण तास झाल्यावर. त्या दिवशी बाबांचा बढतीचा पेपर होता, दहा ते एक. दवाखाना तिथून वीस मिनिटांवर. "पेपर फेकून आलो असतो. ठरवणारी ती कोण?" हे बाबा तेव्हा म्हणाले, आणि आत्याने उत्तर दिलं नाही. एक अक्षर नाही. मी पंधरा वर्षांची होते. स्टुडिओत जायला बंदी झाली. मी क्लासच्या नावाखाली जातच राहिले. बाबांना वाटतं मी सिनेमा कॉलेजात शिकले.

५ मार्च, गुरुवार

आत्याला कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डांची पद्धत समजावली. मी एका व्हिडिओ संकलनाच्या ऑफिसात आहे. माझ्या हुद्द्याचं नाव सहायक संकलक, काम मात्र दिवसभर कार्डं कॉपी करण्याचं. आमचा नियम असा, की भरलेलं कार्ड डबीत पालथं ठेवायचं आणि रिकामं उताणं. कॉपी झाल्याची खात्री होईपर्यंत पालथ्याला हात लावायचा नाही. आत्या म्हणाली, "आमचे रोल बरे होते. भरले की दिसायचे भरलेले."

मग बराच वेळ लेन्स पुसत बसली, आणि एकदम म्हणाली, "स्टँडे, त्या दिवसाचं मी बोलेन. दादाच्या तोंडावर मला या जन्मात जमणार नाही. काचेला सांगते. मग तू त्याला दाखव."

मी काही बोलले नाही. बोलले असते तर ती फिरली असती. असं काही माझ्या चित्रपटात येईल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

८ मार्च, रविवार

झालं! आज झालं!

सकाळी दहाचा उजेड पकडला. स्टुडिओतलंच उंच स्टूल, मागे तो विटलेला निळा पडदा, डावीकडे खिडकी. एक डोळा उजेडात आणि एक सावलीत, असा चेहरा मी जन्मात टिपला नव्हता. बोलताना ती पुढे झुकते, त्यामुळे फोकस सारखा सुटत होता आणि मला क्षणभरही लेन्सच्या रिंगवरचं बोट काढता येत नव्हतं. नवव्या मिनिटाला खालून ट्रकचा लांबलचक हॉर्न. माझा जीव वर गेला, पण ती थांबली नाही. अकराव्या मिनिटाला आवाजाची रेघ एकदम लाल झाली. मी पटकन पातळी खाली घेतली, वाचलो. शेवटी ढग आला आणि उजेड आपोआप मऊ झाला, पैसे मोजूनही असा मिळाला नसता. एकंदर चौदा मिनिटं बत्तीस सेकंद. सोनं आहे सोनं!

कॅमेरा बंद केल्यावर आत्याने डोळे पुसले आणि विचारलं, "कसं वाटलं गं?"

मी म्हटलं, "शेवटी फोकस जरा गेला, पण चालून जाईल."

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग आवराआवरीला लागली. पडदा गुंडाळला, वायरी गुंडाळल्या, माझी कार्डांची डबीसुद्धा नीट लावून दिली. तिला वाकडंतिकडं काही चालत नाही.

९ मार्च, सोमवार

बाबांना सांगून टाकलं. सगळंच: स्टुडिओत जाते ते, चित्रपट करते ते, आणि आत्या त्या दिवसाबद्दल बोललीय ते. आईने हातातलं काम टाकलं. मला वाटलं आता छप्पर उडतंय.

बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. बोलणंसुद्धा तोलून मापून. एवढंच म्हणाले, "कधी दाखवशील?"

"कच्चं आहे अजून. रविवारी." उगाच म्हटलं. तेव्हाच दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण आधी आवाज साफ करावा, रंग थोडे बसवावेत, पहिल्यांदा बघतील तर नीट बघू देत, असा विचार केला. शिवाय कार्ड अजून कॉपीही केलेलं नाही. घरची हार्डडिस्क भरलीय, नवी आणली पाहिजे.

१२ मार्च, गुरुवार

बाबांनी चष्म्याची काच बदलून आणली. म्हणे जुनीला ओरखडा होता. तो ओरखडा तीन वर्षं आहे. दाढी रोज होतेय. आई मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "यांची काय मुलाखत आहे का रविवारी?" आम्ही दोघी तोंड दाबून हसलो.

१४ मार्च, शनिवार

आज स्टुडिओची पाटी उतरवली. दोन गवंडी आणि एक शिडी. अक्षरं एकेक करून निघाली. दोन तास टिपलं. घाईत निघाले होते, डबीतलं उताणं कार्ड घेतलं, कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट मारलं आणि सुरू. पाटीच्या मागची भिंत नव्यासारखी पांढरी होती. आत्या फुटपाथवर उभी राहून बघत होती. छान मिळालंय.

संध्याकाळी हार्डडिस्क आणली. उद्या सकाळी सगळी कार्डं उतरवते, दुपारी बाबांना दाखवते.

१५ मार्च, रविवार

आठ तारखेचं कार्ड नाही.

सगळी पाहिली. पाचही. तीन-तीनदा पाहिली. पाटीचं आहे, स्टुडिओचं आहे, आत्या नाही.

बाबांना सांगितलं, कॉम्प्युटर बिघडलाय. ते धुतलेला सदरा घालून बसले होते. "असू दे, यंत्र आहे," म्हणाले आणि तसेच बसून राहिले.

१६ मार्च, सोमवार

ऑफिसात आमच्या मुख्य संकलकाला सगळे 'कात्री' म्हणतात, समोरसुद्धा. त्यांच्याकडे कार्ड घेऊन गेले. एका मित्राचं आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ते तासभर वेगवेगळ्या प्रोग्रॅममधून चालवलं.

"नुसतं फॉरमॅट केलं असतं तर काढलं असतं," ते म्हणाले. "वरून दोन तास शूट केलंय तुझ्या मित्राने. आता ब्रह्मदेव आला तरी मिळायचं नाही." मग कार्ड परत देताना म्हणाले, "मित्राला म्हणावं, जेवून घे. तोंड उतरलंय त्याचं."

मला सगळं कळलंय कसं झालं ते. मी कार्ड पालथंच ठेवलं होतं. आत्याने डबी आवरली तेव्हा सगळी एका बाजूला वळवून ओळीत लावली. तीन दिवस आधी समजावलं होतं तिला! दुपारभर मनात तिच्यावर चिडत राहिले. मग चिडणं ओसरलं. फॉरमॅट करायच्या आधी कार्ड उघडून बघायचं, हा नियम दिवसातून वीसदा मी पाळते, परक्यांच्या बारशा-लग्नांसाठी पाळते. नाचता येईना अंगण वाकडं. सहा दिवस ते कार्ड तसंच पडलं होतं आणि मी रंग कसे बसवायचे याचा विचार करत होते.

१८ मार्च, बुधवार

निदान आठवून लिहून ठेवावं म्हणून बसले. चौदा मिनिटं मी तिच्यापासून चार हातांवर होते. शब्द न शब्द आठवायला हवा.

एक वाक्य आठवलं. आजीचं, आत्याने सांगितलेलं: "दादाला नको बोलावूस." घरात आजीसुद्धा बाबांना दादाच म्हणायची. त्याच्या पुढे काय? त्याच्या आधी काय? आत्याचा हात मानेकडे गेला ते आठवतं. कानातला मोती उजेडात आला ते आठवतं. ती काय बोलत होती ते नाही.

मग ही वही काढली. मोठ्या आशेने आठ तारखेचं पान उघडलं. हॉर्न आहे. लाल रेघ आहे. ढग आहे. मिनिटं-सेकंदं आहेत. तिचा एक शब्द नाही.

मला स्वतःची भीती वाटली. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझं लक्ष फार बारीक आहे.

१९ मार्च, गुरुवार

आज घात केला.

सकाळी चहाच्या वेळी बाबा म्हणाले, "यंत्र होईल दुरुस्त तेव्हा होईल. तू ऐकलंयस ना? तू सांग. थोडक्यात सांग."

कधी नव्हे ते विनवल्यासारखं बोलत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आजीच म्हणाली होती, दादाला नको बोलावूस."

"का?"

"ते... ते तुम्ही प्रत्यक्षच बघा."

बाबांनी कप बशीत ठेवला. अगदी आवाज न करता ठेवला. "आईला मी नको होतो तर," म्हणाले आणि आत निघून गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी काय केलं हे तिला कळलं होतं, मला कळायला जिना उतरावा लागला.

२० मार्च, शुक्रवार

बाबांनी दाढी केली नाही. चित्रपट पाठवायला आठ दिवस राहिले.

२२ मार्च, रविवार

आत्याकडे गेले आणि खोटं बोलले. म्हटलं, ट्रकच्या हॉर्नमुळे आवाज खराब झालाय, पुन्हा एकदा बोलशील का? चोराच्या मनात चांदणं. ती नुसतं "हॉर्न ना, हो" म्हणाली तरी माझे कान तापले.

"कितपत खराब झालंय?" तिने विचारलं.

"बरंचसं कळत नाही."

"म्हणजे दादाने अजून ऐकलं नाही."

"नाही."

तिने हातातला कपडा चार वेळा घडी केला. मग स्टुलावर जाऊन बसली. या वेळी पुढे झुकली नाही, ताठ बसली, त्यामुळे फोकस एकदाही सुटला नाही. आणि या वेळी मी ऐकलं. ती म्हणाली, आईला सकाळी आठलाच धाप लागली, मी फोन हातात घेतला तर आई म्हणाली, 'दादाला नको बोलावूस, पेपर आहे त्याचा, दोनदा हुकलाय.' मी आईचं ऐकलं. चूक झाली असेल, पण आईची इच्छा होती.

संपलं. चार मिनिटं दहा सेकंद. मी हायसं वाटून श्वास सोडला. पेपर आहे त्याचा! आजीने बाबांच्या भल्यासाठीच सांगितलं होतं. बाबांचं दुःख जाईल, आत्यावरचा राग जाईल, आणि चार मिनिटं चित्रपटात नेमकी बसतात. चौदा मिनिटांचं मी काय केलं असतं? कापावंच लागलं असतं. देव करतो ते बऱ्यासाठी.

आत्याने मात्र आज मला कसं वाटलं ते विचारलं नाही.

२३ मार्च, सोमवार

रजा काढून दिवसभर कापाकापी केली. एकोणीस मिनिटं चाळीस सेकंद. चांगला झालाय. खरंच चांगला झालाय, हे मी माझं म्हणून म्हणत नाही.

फक्त एक. आवाजाची पूर्ण पट्टी समोर दिसते ना स्क्रीनवर, ती या वेळी सपाट आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका उंचीची. पहिल्या वेळी अकराव्या मिनिटाला रेघ लाल झाली होती, म्हणजे आवाज एकदम चढला होता. आत्या काय म्हणाली ते मी विसरले, पण ती तेव्हा ओरडली होती की रडली होती, काहीतरी झालं होतं, हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. आज जे बोलली त्यात ओरडण्यासारखं काही नाही.

असेल. दुसऱ्यांदा सांगताना माणूस शांत होतोच. मनाला असं समजावून कॉम्प्युटर बंद केला. पाच दिवस राहिलेत आणि माझ्याकडे तयार चित्रपट आहे. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारी मी नव्हे.

२४ मार्च, मंगळवार

बाबांना ती चार मिनिटं दाखवली. चष्मा पुसून बसले. नऊ वर्षांनी बहिणीचा चेहरा बघत होते, मी कॉम्प्युटरपेक्षा त्यांच्याकडेच बघत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लाव." परत लावलं. आई दारात उभी होती, डोळ्याला पदर लावून. तिच्या दृष्टीने सगळं मिटलं होतं.

बाबा म्हणाले, "वजन कमी भरतंय."

"म्हणजे?"

"एवढंच होतं, तर नऊ वर्षं गप्प का बसली? आईने सांगितलं म्हणून नाही बोलावलं, हे त्याच दिवशी सांगता आलं असतं. मी शिव्या घालत होतो तेव्हा सांगता आलं असतं. यात तिचं लपवण्यासारखं काय आहे?" मग माझ्याकडे वळून, "चौदा मिनिटं बोलली म्हणाली होतीस ना? ही चारच."

चौदा मिनिटं मी बोलून गेले होते, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे तपासलेला माणूस.

मग मी सगळं सांगितलं. कार्ड पुसलं ते, हॉर्नचं खोटं सांगितलं ते, अकराव्या मिनिटाचंही. सांगताना रडले. आई म्हणाली, "जाऊ दे गं, चुकून झालं." बाबांनी चुकीबद्दल काहीच विचारलं नाही.

"पण तू समोर होतीस ना?" त्यांनी विचारलं. "यंत्र राहू दे. तू होतीस ना तिथे?"

"मी फोकस बघत होते, बाबा."

त्यांना फोकस म्हणजे काय ते माहीत नसावं. तरी त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि मला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं वाटलं.

२६ मार्च, गुरुवार

कालचा दिवस धीर गोळा करण्यात गेला. आज आत्यापुढे उभी राहिले आणि सांगून टाकलं. स्टुडिओ रिकामा झालाय. ते एक स्टूल, निळा पडदा आणि तीन खोकी एवढंच उरलंय.

कार्ड कसं उताणं झालं ते सांगितलं नाही. पण ती याच धंद्यात म्हातारी झालीय. तिने स्वतःच विचारलं, "मी डबी आवरली तेव्हा?" मी म्हटलं, "बघायला मी हवं होतं." ती खोक्यावर बसली.

"पुसलं गेलं ते बरंच झालं," ती म्हणाली. "तू हॉर्नचं सांगितलंस तेव्हा मला वाटलं देवानेच संधी दिली. आईने सांगितलं ते खरंच आहे. तेवढ्यावर भागलं असतं."

"बाबा म्हणाले, वजन कमी भरतंय."

हे ऐकून तिला हसू आलं आणि मग ते मध्येच थांबलं. "त्याला लहानपणापासून कळायचं," म्हणाली. "वाटी चाटून ठेवली तरी कळायचं."

"अकराव्या मिनिटाला तू काय बोललीस, आत्या?"

"तू समोर होतीस ना?"

दोघांचा एकच प्रश्न. नऊ वर्षं बोलत नाहीत, आणि शब्दसुद्धा तेच.

"मला सांग. आत्ता ऐकते. कॅमेरा आणलेला नाही बघ."

"नाही," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मला माहीत आहे तिचं 'नाही'. "एकदा काळीज काढून ठेवलं तुझ्यापुढे. मला वाटलं, पोरीच्या चेहऱ्यावर तरी कळेल, मी किती वाईट वागले ते. तू फोकस गेला म्हणालीस. आता पुन्हा तुला नाही. ज्याचं आहे त्याला सांगेन, नाहीतर घेऊन जाईन बरोबर. परवा दुपारी पाचला किल्ली द्यायचीय."

घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. 'वाईट वागले' हे सांगताना अडखळले, तरी सांगितलं. या वेळी शब्द न शब्द आठवत होता. बाबा "बरं" म्हणाले.

२७ मार्च, शुक्रवार

बाबांनी दाढी केली नाही. आत्याचा विषय काढला नाही. आईने दोनदा काढून बघितला, तर पेपर उघडून बसले.

चित्रपट तयार आहे. बटण दाबलं की जाईल. कार्यशाळेतल्या कुणालाही कळणार नाही की त्यात काही कमी आहे. खरं सांगायचं तर तिथे कुणाला फरकच पडत नाही. मला खरं हवंय की आणखी चांगला शॉट हवाय, हे मलाही धड सांगता येत नाही, आणि म्हणून स्वतःचीच शिसारी येते.

२८ मार्च, शनिवार

दुपारी तीनला बाबा चपला घालून दारात उभे राहिले. दाढी केलेली होती. मला म्हणाले, "तुझा तो कॅमेरा घे."

त्यांच्या पावलांबरोबर चालताना मला धाप लागत होती. जिना चढताना मात्र प्रत्येक मजल्यावर थांबले.

आत्या दार उघडून तशीच उभी राहिली. मी मधे, कॅमेऱ्याची बॅग छातीशी धरून. मला वाटलं आता बाबा वळून खाली उतरतात.

"ढमे, केस पांढरे झाले की गं," बाबा म्हणाले. ढमी हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"तुझे तर राहिलेच नाहीत," आत्या म्हणाली.

आत्या स्टुलाला धरून उभी, बाबा खोक्यांच्या चिठ्ठ्या वाचतायत. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं. बाबा मला म्हणाले, "तिला तोंडावर जमत नाही म्हणालीस ना? मग लाव तुझं यंत्र. मी त्याच्या मागे बसतो. ती यंत्राशी बोलेल."

मी स्टँड उभा केला. आत्या बसली, पुढे झुकून. फोकस लावला, माइक लावला. बाबा एका खोक्यावर बसले, कॅमेऱ्याच्या बरोब्बर मागे.

"सुरू करायचं बटण दाखव," ते म्हणाले. दाखवलं. "आता तू बाहेर जा."

"बाबा, फोकस सुटेल, ती झुकते तेव्हा—"

"बाहेर जा," दोघं एकदम म्हणाले.

मी जिन्यात बसले. दार जाड होतं. साडेचारला आतून काही नाही. पाचला किल्ली घ्यायला मालकाचा माणूस आला, त्याला हात जोडून खाली बसवलं. मांडीवर कॉम्प्युटर होता, त्यात तयार चित्रपट. सव्वापाचला आतून आत्याचा आवाज आला. शब्द नाही, नुसता आवाज, मोठा, फाटलेला. मला कळलं हे कुठलं मिनिट आहे. मी उठून दाराशी गेले आणि परत येऊन पायरीवर बसले.

मग बराच वेळ काही नाही. पावणेसहाला मी कार्यशाळेला दोन ओळी लिहिल्या: माझा चित्रपट तयार दिसतो, पण त्यातलं मुख्य बोलणं अर्धवट आहे, म्हणून पाठवत नाही. पाठवलं आणि कॉम्प्युटर मिटला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

सहा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. बाबा बाहेर आले. त्यांच्यामागे आत्या तोंड धूत होती, नळाचा आवाज येत होता. आणि माझ्या तोंडून काय निघावं?

"रेकॉर्ड झालं का?"

जीभ चावली. बाबा रागावले नाहीत. खरोखरच आठवून बघितल्यासारखं त्यांनी केलं.

"कुणास ठाऊक," म्हणाले. "बटण दाबलं की नाही तेही आठवत नाही. मी तिच्याकडे बघत होतो."

आत्याची गाडी रात्रीची आहे. ती जेवायला आमच्याकडे येतेय, आईला कळवलं. मालकाच्या माणसाशी तिचं काम संपेपर्यंत आम्ही दोघं खाली फुटपाथवर उभे राहिलो. कॅमेऱ्याची बॅग माझ्या खांद्याला होती. ती मी अजून उघडलेली नाही.

"अकरा वाजता," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "अकरा वाजता आई म्हणायला लागली, दादाला बोलाव. दर दोन मिनिटांनी दादा, दादा. आणि ही नऊ महिने उशाशी बसलेली. तिचं नाव एकदा नाही. राग आला म्हणे हिला. फोन हातात होता आणि नाही केला. म्हणाली, दोन तास कळ काढू दे, एकदा तरी माझ्यावर भागवू दे. आणि साडेबाराला आई गेली."

मला वाटलं आता त्यांचा राग बाहेर येणार, नऊ वर्षांचा.

"मलाही आला असता राग," बाबा म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता हातात धरला. "नऊ वर्षं मी काय समजत होतो माहीत आहे? की आईला शेवटी माझी आठवणच झाली नाही. पेपरला गेला, जाऊ दे, म्हणाली असेल. असं वाटून घेत होतो."

आत्या जिना उतरत होती. पिशवी जड होती तिच्या हातात. बाबा पुढे झाले, पिशवी घेतली आणि चार पावलं गेल्यावर मागे वळून मला म्हणाले, "ऐकलंस ना? तिने बोलावलं होतं मला."

"ऐकलं, बाबा."